बेलसरे मॅडम, तुमचा अकरावा मसुदा

मॅडम,

परवा तुमची शोकसभा झाली. कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, जिथे एरवी बारशी होतात. छताला फुग्यांच्या दोऱ्या तशाच लोंबत होत्या आणि त्यांच्याखाली तुमचा फोटो. फोटो कुठून मिळवला कोणास ठाऊक, त्यात तुम्ही हसताय. अख्ख्या नोकरीत तुम्ही हसल्याचा तेवढा एकच पुरावा असेल आणि तो नेमका यांच्या हाती लागला. खाली लिहिलं होतं, 'खात्याची माउली'. तुम्ही ते वाचलं असतं तर बॅनर लावणाऱ्याला उभं करून विचारलं असतं, की हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत आणि पुरावा काय.

मी शेवटच्या रांगेत बसले. शेजारी एका निवृत्त फौजदाराच्या मिसेस होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी म्हटलं, रायटर. साहेबांचं लिहिणं-टाइप करणं बघतो त्याला आमच्या खात्यात रायटर म्हणतात, हे त्यांना नवऱ्यामुळे ठाऊक असावं. पण आडनाव ऐकून त्या माझ्याकडे वळून बसल्या. "बागवान? पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही." चार पिढ्या मंडईत फळं विकण्यात गेल्या आमच्या, मराठीत भाव केला नसता तर उपाशी मेलो असतो. पण शोकसभेत वाद नको म्हणून मी एवढंच म्हटलं, "तुम्हीही छान बोलता." त्या परत स्टेजकडे वळून बसल्या.

भाषणं सुरू झाली. एकाने तुम्हाला वाघीण केलं. दुसरा म्हणाला, स्त्री असूनही त्यांनी कधी कामात कसर ठेवली नाही. त्या 'असूनही'वर टाळ्या पडल्या, मॅडम. तिसऱ्याने माउली केलं. हा तोच, ज्याला तुमच्यापुढे रजेचा अर्ज ठेवायला दोन दिवस लागायचे आणि बाहेर येऊन जो म्हणायचा, बाई आज खवळलीय. तुम्ही जिवंत होतात तोवर तुम्ही यांच्या लेखी 'बाई' होतात. बाई आली, बाई गेली, बाईला कोणी सांगा. मेल्यावर तुम्हाला बढती मिळाली.

मग वाघोले साहेब उठले. आता सहायक आयुक्त आहेत, पोटही त्या हुद्द्याला शोभेल असं आलंय. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा घातला, परत काढला. म्हणाले, "मी आज जो कोणी आहे तो बेलसरे मॅडममुळे." सगळ्या सभेत तेवढं एक वाक्य खरं होतं. तुम्ही वाचवलं नसतंत तर हा माणूस त्या स्टेजवर नसता. हे हॉलमध्ये तिघांना माहीत होतं. एक ते स्वतः, एक मी, आणि तिसरी दारापाशी उभी होती, खुर्च्या रिकाम्या असूनही. सारिका ठोंबरे. तिचं पुढे लिहिते. तुम्हाला ते ऐकायचं नसेल तरी लिहिते, कारण आता तुम्ही मला 'बागवान, पुरे' म्हणू शकत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा बोलावलंत तेव्हा तुम्ही नव्या उपायुक्त होतात आणि मी वायरलेसला बसून कंटाळलेली शिपाई. तेव्हा बायकांना दोनच कामं असायची, वायरलेस नाहीतर बंदोबस्त. तुम्ही माझ्यापुढे एक फिर्याद टाकलीत आणि म्हणालात, मोठ्यांदा वाचा. मी वाचलं. नवऱ्याने बायकोचा हात मोडला होता. फिर्यादीत लिहिलं होतं, किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली. तुम्ही विचारलंत, "किरकोळ कारण कोणतं?" मी म्हटलं, मॅडम, तसंच लिहितात. तुम्ही दुसरी टाकलीत, तिसरी टाकलीत. सासूने पोळलेली, दिराने ढकललेली, दारूड्याने विटेने मारलेली. सगळ्यांत किरकोळ कारण. ठाणे अंमलदार, म्हणजे ठाण्यात शिरल्याबरोबर टेबलाशी बसलेला जो माणूस फिर्याद लिहून घेतो, त्याच्या हाताला ते वाक्य असं बसलं होतं की बाईने तोंड उघडायच्या आधीच तो ते लिहून मोकळा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी तुमचा आदेश निघाला. ते शब्द बंद. बाई जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहायचं आणि तिला वाचून दाखवायचं. अख्ख्या झोनमध्ये खिदळाखिदळी झाली. बेलसरेबाईंचा शुद्धलेखनाचा वर्ग, असं म्हणायचे. पण मी त्या आठवड्यात एका ठाण्यात बसून बघितलं. एका बाईला तिची फिर्याद वाचून दाखवली. तिने नवऱ्याने कुकर फेकल्याचं सांगितलं होतं, आणि कागदावर कुकरच होता. ती म्हणाली, "हे मीच बोलले ना?" आणि परत एकदा वाचायला लावलं. त्या दिवशी मी ठरवलं की ही बाई सांगेल ते काम करायचं. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला कौतुक ऐकायची इतकी चीड होती की सांगायचा धीर झाला नाही.

आणि पाण्याची गोष्ट. विसर्जनाच्या बंदोबस्ताला आमच्या पोरी सकाळी उभ्या राहायच्या ते दुसऱ्या दिवशी दुपारी सुटायच्या. तुम्ही एकीला पाण्याची बाटली दिलीत, तिने घेऊन खाली ठेवली. विचारलंत, तर ती म्हणाली, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नाही. तुम्ही त्या वेळी मंडईच्या कोपऱ्यावर उभ्या होतात. माझ्याकडे वळून म्हणालात, तुमचं घर इथेच ना? माझ्या भावाचं घर मागच्या गल्लीत. भाभीने दार उघडलं तर समोर वर्दीतल्या सात बायका. त्या दिवशी भाभीच्या न्हाणीघराला जेवढी सलामी मिळाली तेवढी मंत्र्याला मिळाली नसेल.

पुढच्या वर्षी तुम्ही पेठापेठांत माणसं पाठवून घरांची यादीच केलीत. कोण किती मुलींना घरात घेईल, कोणाचा जिना सोपा, कोणाकडे कुत्रं आहे. सदाशिव पेठेतल्या एका काकांनी दारावर पाटी लावली, 'फक्त महिला पोलिसांसाठी. पुरुष पोलिसांनी विचारण्याचे कष्ट घेऊ नयेत.' तुम्ही ती पाटी वाचून म्हणालात, निदान एका माणसाला आदेश नीट समजला. परवाच्या सभेत या कामाचं श्रेय त्या वेळच्या एका साहेबांच्या दूरदृष्टीला मिळालं. त्यांना दूरचं दिसायचं हे खरं, कारण जवळ ते कधी आलेच नाहीत.

तुमच्याबद्दल वाईट लिहायचं तर तेही भरपूर आहे. तुम्ही अख्ख्या नोकरीत एकदाही माझे आभार मानले नाहीत. रडणाऱ्या बाईला पाणी द्यायचात, पण रडणाऱ्या पोलीस बाईला बाहेर घालवायचात. कोणी पोरीच्या आजारपणाची रजा मागितली की तुमचा चेहरा आंबट व्हायचा, जणू मूल होणं ही शिस्तभंगाची बाब आहे. तुम्हाला पुरुषांबद्दल तुच्छता होती हे सगळ्यांना दिसायचं. बायकांबद्दलही होती, ती मला दिसायची. तुम्ही सोसलंत ते प्रत्येकीने सोसावं आणि वर हूं की चूं करू नये, असं तुम्हाला वाटायचं. माणसाकडे नाक वर करून कसं बघायचं हे मी तुमच्याकडूनच शिकले. आता ते कुठे वापरायचं ते मी ठरवणार.

सारिका तेव्हा चोवीस वर्षांची होती. शिरूरकडच्या वाडीवरून आलेली, पळण्यात पहिली, बोलायला चाचरणारी. वाघोले तिच्या ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक. हजेरी झाली की तिला केबिनमध्ये बोलवायचे, काही ना काही लिहून घ्यायचं निमित्त करून. एक दिवस दार लावून घेतलं आणि तिचा दंड धरला. म्हणाले, गावाजवळ बदली हवी असेल तर जरा समजून घ्यायला शीक. ती दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसात आली आणि माझ्या टेबलापुढे तासभर उभी राहिली. मी बस म्हटलं तरी बसेना. "बसले तर रडंल मी, आन् मॅडमला रडलेलं चालत न्हाई म्हंत्यात." एवढी तुमची कीर्ती होती.

तेव्हा तुम्ही अपर आयुक्त होतात आणि खात्यातल्या बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या समितीच्या अध्यक्षही. तुम्ही नीट चौकशी केलीत. साक्षी घेतल्यात, वाघोलेंनी तिला पाठवलेले मेसेज बघितलेत, केबिनची वेळ हजेरीच्या वहीशी ताडून बघितलीत. चार पानी अहवाल मला सांगितलात आणि मी टाइप केला. तक्रारीत तथ्य आहे, कारवाई व्हावी. मी घरी जाऊन भाभीला म्हटलं होतं, बघ, आमच्या मॅडमपुढे कोणाचं काही चालत नाही.

त्या अहवालावर तुमची सही व्हायच्या आधी दोन दिवस गेले. त्याच महिन्यात तुमचा मोठा प्रस्ताव वर गेलेला होता. प्रत्येक ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर रोज एका पाळीत बाई, आणि तीन ठाण्यांना बाई वरिष्ठ निरीक्षक म्हणून. सहा वर्षं तुम्ही त्याच्यामागे होतात. आणि वाघोलेंचं वर वजन होतं. वरून निरोप आला तो माझ्यासमोर फोनवर आला. तुम्ही फक्त ऐकत होतात आणि शेवटी म्हणालात, समजलं सर. एक फाइल पुढे जायला हवी असेल तर दुसरी मागे घ्या, एवढंच समजायचं होतं. तुम्ही चार पानं माझ्यासमोर कागद फाडायच्या मशीनमध्ये घातलीत आणि दीड पान सांगायला सुरुवात केलीत. तक्रार गैरसमजातून झाल्याचे दिसते.

माझी बोटं थांबली. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "एका मुलीसाठी मी शेकडो मुलींची खुर्ची घालवू का, बागवान?"

मी म्हटलं, "मॅडम, त्या मुली खुर्चीवर बसून मग लिहिणार काय?"

तुम्ही म्हणालात, टाइप करा. आणि मी टाइप केलं.

बदल्यात काय मिळालं ते सांगते, कारण तुम्ही शेवटपर्यंत त्याला यशच म्हणत होतात. तीन ठाण्यांत बायका आल्या. नारळ फुटले, फोटो निघाले, एका ठाण्याची पुढची खोली गुलाबी रंगवली. पोलीस ठाण्यात बाई आल्यावर पहिलं काय करावं, तर भिंत गुलाबी करावी, हे ज्याला सुचलं त्याचा सत्कार व्हायला हवा. आठ महिन्यांत तिघींपैकी दोघींना उचलून प्रशिक्षण केंद्रावर टाकलं. खुर्चीवरच्या पाळ्या कधी बंद झाल्या ते कळलंही नाही. मध्यंतरी मी एका ठाण्यात हरवलेल्या मोबाइलची तक्रार द्यायला गेले होते, टेबलाशी मिशी होती. गुलाबी रंग मात्र टिकलाय. आणि सारिकावर खोटी तक्रार करून वरिष्ठांची बदनामी केल्याची खातेनिहाय चौकशी लागली आणि ती बडतर्फ झाली. पुरावा काय, तर तुमचं दीड पान.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोपाच्या गाडीला फुलं लावून दोर बांधले होते, शिपायांनी ओढत न्यायचा जो रिवाज आहे त्यासाठी. तुम्ही दोर सोडायला लावलेत आणि म्हणालात, मी काही देवाची पालखी नाही. रिक्षा करून घरी गेलात. सगळ्यांना ते फार थोर वाटलं. मला वाटलं, कारण दुसरं आहे. ज्या हातांनी दोर धरले होते त्यांत बरेच सारिकाच्या वयाच्या मुलींचे होते.

मीही दोन वर्षांनी निवृत्त झाले. मग आपल्या गुरुवारच्या भेटी. मी मंडईतून भावाच्या गाळ्यावरची फळं घेऊन तुमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर यायची, तुम्ही अंजीर दाबून बघून नावं ठेवायचात आणि सगळी संपवायचात. आपण जगातल्या प्रत्येक गोष्टीवर भांडलो. पोलिसांना संघटना असावी का, चहात आलं आधी घालावं की नंतर, माझ्या मुलाने अमेरिकेला जावं का. त्या एका गोष्टीवर नाही. एका गुरुवारी माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, मॅडम, ते तुम्ही चुकलात. तुम्ही शांतपणे सुरी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "तुम्ही टाइप करायला नकार का दिला नाहीत?"

मी म्हटलं, मी शिपाई होते, तुम्ही अपर आयुक्त. तुम्ही म्हणालात, सारिकाही शिपाईच होती. मी चहा न घेता उठले आणि सात महिने आले नाही. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं म्हणून मला तुमचा राग आला. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी फक्त टाइप केलं. तुमची तुच्छता मी सहन केली असती, पण तुम्ही मला तुमच्या बरोबरीने दोषी धरलंत हे मला सहन झालं नाही.

सात महिन्यांनी तुमचाच फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सारिकाचा पत्ता शोधा म्हणालात. तिने बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागितली होती, ते प्रकरण वर्षानुवर्षं रखडत आता सुनावणीला आलं होतं. आपण दोघी तिच्या वाडीवर गेलो. ती गावच्या पोरींना पोलीस भरतीसाठी पळायला शिकवते. ज्या खात्याने हाकललं त्याच खात्यात पोरी पाठवते. मी तिला विचारलं, कसं करवतं? ती म्हणाली, "माझ्याकडं दुसरं काय हाय शिकवाय?" तुम्हाला तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तुम्ही माफी मागायला तोंड उघडलंत तर हात वर केला.

"माफी नगं, मॅडम. पयला अहवाल खरा व्हता एवढं लिहून सही द्या. तेवढंच पायजे."

तुम्ही म्हणालात, देते. येताना गाडीत तुमचा चेहरा मोकळा होता. मला वाटलं, आता झालं.

मॅडम, दोन ओळींचं काम होतं. पहिल्या गुरुवारी तुम्ही दोनच ओळी सांगितल्यात. पहिला अहवाल तक्रार खरी असल्याचा होता, तो मी वरून दबाव आल्यावर बदलला. मी छापून तुमच्यापुढे ठेवलं, पेन ठेवलं. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, यातून गैरसमज होईल, थोडी पार्श्वभूमी हवी. पुढच्या गुरुवारी प्रस्तावाचा परिच्छेद आला. त्याच्या पुढच्या वेळी प्रस्तावाची गरज का होती तो. मग तुमच्या आधीच्या कामाचा आढावा, फिर्यादीच्या आदेशासकट. किरकोळ कारणावरून हे शब्द तुम्ही कसे बंद केलेत ते तुम्ही माझ्याकडून सव्वा पान टाइप करून घेतलंत. अकराव्या मसुद्यात सात पानं झाली होती आणि सारिकाचं नाव पाचव्या पानावर आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फिर्यादीतली कारणं छाटणाऱ्या तुम्ही, स्वतःची वेळ आल्यावर कारणांशिवाय काही लिहीत नव्हतात. मी म्हटलंसुद्धा, मॅडम, ती वाट बघतेय. तुम्ही म्हणालात, घाई केली की ड्राफ्ट बिघडतो.

बुधवारी सकाळी तुमच्या भाच्याचा फोन आला. हृदयक्रिया बंद पडली. मी फ्लॅटवर आले तेव्हा तुम्हाला बाहेरच्या खोलीत आणलं होतं आणि टेबलावर अकरावा मसुदा होता, त्यावर तुमचा चष्मा. पाचव्या पानावर पेन्सिलीने खूण होती. शेवटच्या पानावर सहीची जागा कोरी. लोक तुमच्या पाया पडत होते. मला तुमच्या चेहऱ्याकडे बघून संताप आला, खरंच सांगते. इतक्या मोठ्या बाईला सहीपुरतं धैर्य जमू नये. मी रडले नाही. भाच्याला वाटलं, पोलिसातल्या आहेत, कठोर आहेत.

आता परवाचं सांगते. वाघोलेंचं झाल्यावर माझं नाव पुकारलं. आदल्या दिवशीच संयोजकांचा फोन आला होता, ताई, दोन शब्द बोला पण चांगलं बोला. मी स्टेजवर गेले. समोर पहिल्या रांगेत वाघोले, मागे दारात सारिका. माझ्या हातात माइक. मी पाण्याची गोष्ट सांगितली. भाभीचं न्हाणीघर, सदाशिव पेठेतली पाटी. लोक हसले, टाळ्या पडल्या. वाघोलेंनी उठून मला गुलाबाचं रोप दिलं आणि मी ते घेतलं. त्यांना थँक्यू म्हटलं. तुमच्या अकरा मसुद्यांना नाकं मुरडणारी मी, माझ्या तोंडून एक ओळ निघाली नाही.

सारिका बाहेर गाठ पडली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती हसून म्हणाली, "लई ग्वाड बोललात." आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.

मी ते रोप तिथेच फाटकाजवळ ठेवून दिलं. काल सकाळी तिच्या वकिलीणबाईंकडे गेले. पोरगी लहान आहे, हुशार आहे. तुमचा अकरावा मसुदा दाखवला, तर म्हणाली, सही नाही, याचा उपयोग नाही. मग मी माझं प्रतिज्ञापत्र सांगितलं. पहिला अहवाल चार पानी होता, त्यात तक्रार खरी असल्याचं लिहिलं होतं. तो बेलसरे मॅडमनी माझ्यासमोर नष्ट केला. दुसरा त्यांनी सांगितला आणि मी टाइप केला. ती म्हणाली, 'वरिष्ठांच्या आदेशामुळे नाइलाजाने' असं घालू का, तुम्हाला बरं पडेल. मी नको म्हटलं. नाइलाज होता की नव्हता हे मी तुम्हाला सात महिने सांगू शकले नव्हते, तिला काय सांगणार? मुलाने फोनवरून विचारलं, अम्मी, या वयात कशाला, पेन्शनला धक्का लागला तर? त्याला म्हटलं, तू अमेरिकेतून काळजी कर, तिथून ती स्वस्त पडते.

सही करताना मला कळत होतं की मी काय करतेय. त्या कागदावर तुमचं नाव आहे, मॅडम, सबंध, हुद्द्यासह. उद्या पेपरात येईल. ज्यांनी तुम्हाला माउली केलं तेच म्हणतील, बघा, बाई शेवटी बाईच. ज्या मुलींनी तुमचा फोटो लावून भरतीचा अभ्यास केला त्यांना तो काढावासा वाटेल. तुमचं नाव मी खराब केलं. तुमच्यावर माझ्याइतकं प्रेम कोणी केलं नसेल, आणि हे माझ्याच हाताने व्हायचं होतं. तुम्ही वेळेवर सही केली असतीत तर हे ओझं माझ्यावर आलं नसतं, हेही तुम्हाला सांगते, कारण मला अजून राग आहे.

बातमी खात्यात पोचायला किती वेळ लागतो तुम्हाला ठाऊक आहे. आज दुपारी वाघोलेंचा फोन आला. आवाजात लोणी होतं. म्हणाले, ताई, परवा इतकं सुंदर बोललात आणि हे काय ऐकतोय? गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, तिची बदनामी करणं तुमच्यासारखीला शोभत नाही. त्या मला आईच्या जागी होत्या. त्या असत्या तर त्यांनी असं कधी होऊ दिलं नसतं.

मी म्हटलं, "त्या गेल्या, वाघोले. मी आहे अजून."

साहेब न म्हणता त्यांचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी तशीच ओट्याशी उभी राहिले आणि मग मला तुमच्यासाठी रडू फुटलं, मोठ्यांदा, शेजारीण दार वाजवेपर्यंत.

सोमवारी अकराला सुनावणी आहे, मॅडम. सारिकाला सांगितलंय, मी येतेय.